कोल्हापूरला येताय? आधी काय वाचायचं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घराच्या माडीवरच्या दोन खोल्या आम्ही पाहुण्यांना राहायला देतो. खोली ठरली की लोक पहिल्यांदा पार्किंगचं विचारतात आणि दुसऱ्यांदा तांबड्या-पांढऱ्या रश्शाचं. तिसरा प्रश्न मीच ओढवून घेतलाय. कारण पैसे जमा झाल्याचा मेसेज आला की उत्तरात मी पत्त्यासोबत एका पुस्तकाचं नावही पाठवते. मग फोन सुरू होतात. तेच तेच सांगून घसा बसायला लागला, म्हणून हे एकदाच लिहून ठेवलंय.

एकच पुस्तक वाचायचं असेल तर कुठलं?

आनंद यादवांचं ‘झोंबी’. आत्मचरित्रात्मक कादंबरी आहे. १९८७ साली आली, १९९० साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि प्रस्तावना पु. ल. देशपांड्यांची आहे. शाळेत जायचंय एवढ्या एका गोष्टीसाठी एक पोरगा बापाशी, गरिबीशी आणि रानातल्या न संपणाऱ्या कामाशी कसा झुंजतो, त्याची ही हकिकत. झोंबी हा शब्द कुस्तीतला. दोघं एकमेकांना भिडले, सुटता सुटेनात, की ती झोंबी. तालमींच्या गावाला जाताना वाचायच्या पुस्तकाला याहून चांगलं नाव सापडणार नाही.

पुस्तक जाड आहे, हे आधीच सांगते. नंतर तक्रार नको.

पण ते तर कागलचं आहे. आम्ही कोल्हापूर शहर बघायला येतोय.

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून जरा सविस्तर.

कागल कोल्हापूरपासून वीसेक किलोमीटरवर, पुणे-बेंगळुरू महामार्गाला लागून. यादवांचा जन्म तिथला, १९३५चा. आणि शहर-गाव अशी जी रेघ तुमच्या मनात आहे ती इथे तितकीशी चालत नाही. संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर जा. म्हशी भर शहरात उभ्या असतात, समोर धार काढतात आणि फेसाळ दुधाचा ग्लास हातात देतात. ऑफिसातून सुटलेली माणसं गाडी बाजूला लावून पितात आणि मिशी पुसत घरी जातात. दिवाळीच्या पाडव्याला याच म्हशी शिंगं रंगवून, गळ्यात माळा घालून रस्त्यावर मिरवतात. ‘झोंबी’त कवितेचं वेड लागलेला पोरगा म्हशी राखताना म्हशीच्याच पाठीवर काटकीनं ओळी लिहितो, कागद जवळ नसतो म्हणून. ते वाचून आलेला माणूस दूध कट्ट्यावर ग्लासाचा फोटो काढून निघून जात नाही, म्हशीच्या पाठीकडे बघतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, उगाच सांगत नाही.

दुसरं, दसरा चौक. बाहेरच्यांच्या लेखी तो पुतळा आणि सिग्नल. पण चौकाभोवतीच्या इमारती नीट बघा. जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग, जवळच लिंगायत समाजाचं. शाहू महाराजांच्या काळात खेड्यातल्या पोरांनी शहरात राहून शिकावं म्हणून एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहिली. १९१७ साली तर महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. आणि त्यानंतर पंचवीस-तीस वर्षांनी, याच संस्थानातल्या कागलात, एक बाप पोराला शाळेतून काढून मळ्यात राबायला लावतो. कागल म्हणजे महाराजांच्या जन्मदात्या वडिलांची जहागीर, बरं का. मग तो पोरगा आणि त्याची आई बापाच्या नकळत गावातल्या वजनदार माणसाकडे, दत्ताजीराव देसायांकडे, जाऊन गाऱ्हाणं घालतात. ते बापाला बोलावून घेऊन खडसावतात. शाळा पुन्हा सुरू होते, पण अटींवर. सकाळी रानात राबायचं आणि तिथूनच शाळेला पळायचं. सुटल्यावर गुरं चारायची. कामाला माणूस कमी पडला तर त्या दिवशी शाळा नाही.

हे प्रकरण वाचून दसरा चौकात उभं राहिलं की कायदा कुठे थांबतो आणि घराचा उंबरा कुठे सुरू होतो ते कळतं. मला तरी त्याशिवाय कळलं नव्हतं. शाळेत असताना त्याच चौकातून रोज सायकल हाणत गेलेय.

खांडेकर, रणजित देसाई, शिवाजी सावंत हे सगळे कोल्हापूरचेच ना? त्यांना सोडून यादवच का?

आमचेच की. अभिमानही आहे. पण गंमत बघा. वि. स. खांडेकर कोल्हापुरात राहिले, लिहिते राहिले, १९५९ साली ‘ययाति’ आली आणि १९७४चं ज्ञानपीठ मराठीत पहिल्यांदा त्यांच्या नावानं आलं. रणजित देसाई चंदगड तालुक्यातल्या कोवाडचे. ‘स्वामी’ लिहिली ती माधवराव पेशव्यांवर. शिवाजी सावंत आजऱ्याचे. ‘मृत्युंजय’ १९६७ची, कर्णावर. देसायांनीही पुढे ‘राधेय’ लिहिली, तीही कर्णावर. एकाच जिल्ह्यातल्या दोघांना कर्णच का सापडावा यावर आमच्या घरी जेवताना बरेच वाद झालेत. माझ्या सासऱ्यांचं मत असं की मैत्रीला जागणारा आणि हट्टापायी नुकसान करून घेणारा माणूस कोल्हापूरकराला सख्खाच वाटणार.

तर ही सगळी पुस्तकं वाचून तुम्ही हस्तिनापूरला जायला तयार व्हाल, फार तर शनिवारवाड्याला. कोल्हापूरची माती, पाणी, बोली त्यात शोधून सापडायची नाही. लेखक कुठे राहतो आणि त्याची कादंबरी कुठे राहते या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खांडेकरांसाठी शिवाजी विद्यापीठाच्या आवारात त्यांचं स्मृती संग्रहालय आहे, तिथे जरूर जा.

भाषा समजेल का? आम्ही मुंबईचे.

‘झोंबी’त निवेदन बरंचसं प्रमाण मराठीत आहे, बोली संवादात येते. अडत नाही. खरी कसोटी ‘गोतावळा’ची. ती यादवांचीच १९७१ची कादंबरी, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत नारबा नावाचा गडी स्वतःच्या तोंडानं सांगतो. पहिली दहा पानं मोठ्यानं वाचा. डोळ्यांना जे परकं वाटतं ते कानाला लगेच कळतं. ‘न्हाई’, ‘कवा’, ‘हितं’, ‘लई’, ‘त्येच्या आयला’ हे सगळं आवाजात आलं की आपोआप जागेवर बसतं.

आणि इथे आलात की कान उघडे ठेवा. ‘बसा की’, ‘घ्या की’, ‘आलासा व्हय?’ हा ‘की’ प्रश्नाचा नाही, आग्रहाचा आहे. त्याला नाही म्हटलं तर समोरचा पुन्हा ‘घ्या की’ म्हणणार, तिसऱ्यांदा तुम्ही घेणार. अजून एक. आमच्याकडे बायकाही ‘मी जातो’, ‘मी आलो’ म्हणतात. मी पुण्यात हॉस्टेलवर पहिल्या दिवशी ‘मी जेवून आलो’ म्हणाले तर खोलीत हशा पिकला होता. तेव्हापासून लिहिताना ‘आले’ आणि घरात ‘आलो’. यादवांच्या पुस्तकातली माणसं बोलायला लागली की मला त्या हशाचा राग नव्यानं येतो, आणि जरा बरंही वाटतं.

‘नटरंग’ सिनेमा पाहिलाय. तेवढ्यावर भागेल?

सिनेमा चांगलाच आहे. २०१०चा, रवी जाधवांचा, अतुल कुलकर्णींनी त्यात अंगाचं काय करून घेतलंय ते सगळ्यांना माहीत आहे. पण तो ज्या कादंबरीवर आहे ती यादवांचीच, हे निम्म्या पाहुण्यांना माहीत नसतं. पैलवानी अंगाचा कष्टकरी गुणा कलेच्या नादापायी तमाशात नाच्या, म्हणजे बायकी ढंगानं नाचणारा पुरुष, होतो. गाणी काढून टाकली की उरतं ते कादंबरीत आहे, आणि ते जास्त बोचतं. खासबागचं कुस्तीचं मैदान बघायच्या आदल्या रात्री वाचा. शाहू महाराजांच्या काळचं ते मैदान, मधोमध लाल मातीचा हौदा. कुठल्या शरीराला हे गाव टाळ्या देतं आणि कुठल्या शरीराला हसतं, हा विचार तिथे पायरीवर बसून करण्यासारखा आहे.

गुऱ्हाळ बघायला मिळेल का? पुस्तकात आहे म्हणे.

मिळेल, पण हंगाम बघून या. दिवाळीनंतर सुरू होतात, साधारण मार्चपर्यंत चालतात. पूर्वीपेक्षा संख्या बरीच कमी झालीय. ऊस साखर कारखान्यांकडे वळला आणि गुळाला मजूर मिळेना.

माझी फजिती सांगते. पाहुणे ठेवायला लागलो त्या पहिल्या वर्षी एका कुटुंबाला मोठ्या तोऱ्यात ‘चला, गुऱ्हाळ दाखवते’ म्हणून जूनमध्ये घेऊन गेले. मी शहरात वाढलेली, मला हंगामाचं कुठलं सुचतंय. चुलवाण म्हणजे गुऱ्हाळाची मोठी चूल गार, रस आटवायची काहील पालथी, आणि चुलवाणाच्या तोंडात कुत्रीनं पिल्लं घातलेली. पाहुण्यांच्या मुलीनं पिल्लांचे फोटो काढले. एवढीच त्या सहलीची कमाई.

हंगामात गेलात तर लांबूनच वास येतो, आधी धुराचा, मग गोड. घाण्यातून रस येतो, काहिलीत पडतो. खाली चुलवाणात जाळ सांभाळणारा गडी, म्हणजे जळव्या, वाळकी चिपाडं ढकलत असतो. त्याला क्षणाची उसंत नाही, कारण जाळ कमी-जास्त झाला की माल बिघडला. रसाला भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी घालतात, मळी वर येते, ती काढत राहायची. रस उकळून तांबूस होत जातो, बुडबुडे बारीक होत जातात. मग सगळे गुळव्याकडे, म्हणजे गूळ कधी तयार झाला ते ओळखणाऱ्याकडे, बघायला लागतात. तो थोडा पाक गार पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी करून बघतो आणि मान हलवतो. हलवली की चार-पाच जण काहील उचलून वाफ्यात ओततात. तिथे घोटून गार करायचं आणि साच्यात भरून गुळाच्या ढेपा, म्हणजे रवे, पाडायचे. मघाशी काकवी मिळते का विचारणारे पाहुणे या वेळी गप्प झालेले असतात.

आता पुस्तक. ‘झोंबी’तल्या बापाला वाटतं की आपलं गुऱ्हाळ गावात सगळ्यांच्या आधी लागावं, कारण मागून सगळ्यांची लागली की बाजारात गुळाचा भाव पडतो. शहाणे शेतकरी म्हणतात, ऊस अजून रानात उभा राहू दे, पाक चांगला येईल, गूळ जास्त उतरेल. बाप ऐकत नाही. पण त्यातून पोराची वाट निघते. ऊस लवकर संपला, रानातली कामं हलकी झाली, म्हणजे शाळेचा विषय काढता येईल. मार्केट यार्डात गुळाचे सौदे चालू असताना जाऊन बघा. भाव पुकारणारा, रव्याचा तुकडा मोडून जिभेवर ठेवणारा अडत्या, अंगठ्यानं कडकपणा बघणारा व्यापारी. एका रुपयानं भाव खाली आला की त्या घरातल्या पोराचं काय होतं, हा हिशोब तुमच्या डोक्यात आपोआप सुरू होतो. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे, पण तुम्ही यार्डात असाल तेव्हा ते तुम्हाला आठवणार नाही.

पुस्तकातली घरं, विहीर, मळा दाखवाल का?

नाही. एकदा केलं, पुन्हा नाही.

एका पाहुण्यांना फोटोच हवा होता. कागलात तीन गल्ल्या फिरलो, शेवटी एका दारात बसलेल्या आजींना विचारलं, आनंदांचं घर कुठलं? आजींनी आधी तांब्याभर पाणी दिलं, मग म्हणाल्या, ‘‘हितं आनंदा लई हाईत. तुमास्नी कुठला पायजे?’’ पाहुणे हसले, मी मात्र ओशाळले. ती माणसांची राहती घरं आहेत, देखावा नाही.

त्यापेक्षा ज्या वस्तू आता उरल्या नाहीत त्या आधी पुस्तकात बघून या. मोट कशी चालायची, बैल धावेवरून कसे खाली जायचे, नाडा-सोंदूर म्हणजे काय, थारोळ्यात पाणी पडल्याचा आवाज, पाटाचं दार धरून उभ्या पोराचे गारठलेले पाय. आज त्याच शिवारात बटण दाबलं की पाणी येतं (वीज असली तर). ‘गोतावळा’त मालक ट्रॅक्टर आणतो आणि नारबाच्या जिवाभावाच्या जनावरांचा एकेक करून निकाल लागत जातो. कागलच्या रस्त्याला लागलात की पुढे उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर हमखास भेटतो, मोठ्यानं गाणी लावून. वाचलं नसेल तर तुम्ही हॉर्न वाजवाल. वाचलं असेल तरी वाजवालच, पण मागे बसून त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघाल.

कागलला जायचं कसं?

मध्यवर्ती बसस्थानकावरून कागल, निपाणी, गडहिंग्लज अशी पाटी असलेली एसटी पकडा. स्वतःची गाडी असेल तर अर्धा-पाऊण तास. गैबी चौकात उतरा, गैबी पिराचं दर्शन घ्या, चहा घ्या, जयसिंगराव तलावाकडे चालत जा. अर्धा दिवस पुरे.

मुलं बरोबर आहेत. त्यांना काय वाचायला द्यावं?

तुमची मुलं सीबीएसईला असतील आणि बारावीला हिंदी असेल तर त्यांनी ‘झोंबी’चा तुकडा वाचलेला असण्याची शक्यता आहे. तिथे तो ‘जूझ’ नावानं हिंदीत आहे, ‘वितान’ या पुस्तकात. दिल्लीहून आलेल्या एका मुलानं जेवताना मला सौंदलगेकर मास्तरांविषयी विचारलं तेव्हा मी भाकरी हातात धरून बघतच राहिले. कविता गाऊन, हावभाव करून शिकवणारे ते मास्तर कागलचे, आणि त्यांचं नाव घेतोय लाजपतनगरचा पोरगा! लहान मुलांना तेवढंच प्रकरण वाचून दाखवा.

इतक्या हालअपेष्टा वाचून सहलीचा मूड जाणार नाही का?

थोडा जाईल. तांबडा-पांढरा समोर आला की पुस्तकातली कोरडी भाकरी आठवेल. मला त्यात वाईट काही वाटत नाही. पण पुस्तक नुसतं रडगाणं नाही. पिकाला पाणी पाजता पाजता कविता म्हणणारा पोरगा त्यात आहे, आणि एकटेपणा आवडायला लागल्याचा आनंदही आहे, कारण एकटं असलं की मोठ्यानं गाता येतं, नाचताही येतं. कवितेचा नाद पुढेही सुटला नाही. १९६० साली यादवांचा ‘हिरवे जग’ हा काव्यसंग्रहच आला.

‘झोंबी’चे पुढचे भाग वाचायला हवेत का?

‘नांगरणी’, ‘घरभिंती’, ‘काचवेल’. कोल्हापूरच्या सहलीसाठी गरज नाही. परत गेल्यावर हात आपोआप जातो.

यादवांवर वाद झाला होता ना?

हो, तुकारामांवरच्या कादंबरीवरून. २००९ साली महाबळेश्वरचं साहित्य संमेलन निवडून आलेल्या अध्यक्षांशिवाय, म्हणजे यादवांशिवाय, झालं ते याच प्रकरणात. चहावर बोलू हवं तर. तुमच्या सहलीशी त्याचा संबंध नाही.

यादव झाले. आता या भागातलं हल्लीचं काही?

राजन गवसांची ‘तणकट’, आणि जोगते-देवदासींच्या जगात शिरायची तयारी असेल तर ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’. कृष्णात खोतांची ‘रिंगाण’ २०२३ची साहित्य अकादमी विजेती. धरणात गाव गेल्यावर मागे राहिलेल्या म्हशीची गोष्ट. पन्हाळ्याच्या बाजूला जाणार असाल तर तीच न्या. आमच्या साहित्यात म्हशी फार, ही तक्रार मान्य.

बाहेरदेशी जातानाही असंच वाचून जावं का?

जरूर. नगीब महफूझ यांच्या कैरोवरच्या त्रयीत तिन्ही भागांना तिथल्या जागांचीच नावं आहेत. ओरहान पामुक यांनी तर इस्तंबूलवरच्या आपल्या कादंबरीतल्या वस्तूंचं खरं संग्रहालय २०१२ साली उघडलं, आणि पुस्तकातच प्रवेशाचं तिकीट छापलंय. ते दारात दाखवायचं, शिक्का मारून घ्यायचा. कागलात असलं काही नाही. तिथे तिकीट एसटीचंच.

पुस्तक कुठे मिळेल? तुमच्याकडे आहे का?

कोल्हापुरातल्या कुठल्याही बऱ्या पुस्तकांच्या दुकानात मिळतं. वाचनालयाची आवड असेल तर करवीर नगर वाचन मंदिर बघून या, १८५० पासूनचं आहे. आमच्या माडीच्या जिन्यावरच्या फळीवर ‘झोंबी’च्या दोन प्रती आहेत. एक कोरी, पाहुण्यांसाठी. दुसरी माझ्या सासऱ्यांची. तिच्यात गुऱ्हाळाच्या पानावर काकवीचा डाग आहे आणि पुढची चार पानं एकमेकांना चिकटलेली आहेत. ती सुटी करायला जाऊ नका, फाटतात.